राजुरातलं जालना

माय, तुझा पणतू मागच्या आठवड्यात औरंगाबादच्या हायस्कुलात गेला. तिथंच वसतिगृहात राहणार आहे. जायच्या आधी दोन महिने त्याची आई, म्हणजे माझी सून, ट्रंक भरत होती आणि रिकामी करत होती, आणि माझा मुलगा रोज संध्याकाळी पेपर घडी करून म्हणत होता, "अजून एकदा विचार करू." मी खुर्चीत बसून हे बघायचो आणि मला हसू यायचं. शेवटी सून चिडली. म्हणाली, "बाबा, यात हसण्यासारखं काय आहे?" तिला एका वाक्यात काय सांगणार? मला राजूर दिसत होतं. मास्तरांचं अंगण दिसत होतं, आणि लुगड्याच्या ओच्यात पाला भरून बकरीला घालायला निघालेली तू दिसत होतीस. आपल्या घरात कधी बकरी नव्हती, हे मी सुनेला सगळ्यात आधी सांगितलं, म्हणजे पुढचं तिला कळावं.

तुला सगळं माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण मला सांगायला आवडतं. निजामाचं राज्य होतं. गावातली शाळा संपली की पुढं फौकानिया, म्हणजे हायस्कूल, ते जालन्याला आणि तिथं सगळं शिकणं उर्दूतून. थोरला म्हणून आधी भाऊला पाठवलं होतं. जुन्या जालन्यात एका खोलीत तो राहिला आणि इकडं तुझं जेवण तुटलं. ताट पुढं आलं की तू दाराकडं बघायचीस. आबांनी थोडे दिवस कळ काढली, मग बैलगाडी जुंपली आणि भाऊला घेऊन आले. गंमत अशी की भाऊला तोवर जालना आवडायला लागलं होतं. तो येताना वाटभर रडत आला. पुढं त्यानं औत धरलं आणि तो मजेत जगला, त्याबद्दल कुणाला काही म्हणायचं नाही. पण दोन वर्षांनी माझी पाळी आली तेव्हा मास्तर घरी येऊन ओसरीवर टेकले. मास्तरांच्या घरी उर्दू बोलायचे, पण आपल्याशी बोलताना ते आपल्यातलेच. आबांनी पानाचं तबक पुढं केलं.

"पाटील, पोरगं तयार हाय," मास्तर म्हणाले. "पर पाठवू नका."

"का बरं?"

"मोठा नापास होऊन आल्ता का जालन्याहून? न्हाई. नापास तुम्ही दोघं झाल्ते. ह्याला बी महिन्याच्या आत घेऊन येताल. मंग कशाला त्या बैलांना हेलपाटा?"

आबा सुपारी कातरत राहिले. तू दाराआडून बोललीस, आणि तुझा आवाज चिडलेला होता. "मंग पोराचं ऱ्हाऊ द्या मास्तर, आमचाच अभ्यास घ्या."

तुला वाटलं मास्तर वरमतील. ते म्हणाले, "घेतो. बिलकुल घेतो."

दुसऱ्या दिवशी माझी वळकटी आपल्या घरून तीन गल्ल्या पलीकडं मास्तरांच्या घरी गेली आणि मास्तरांनी जाहीर केलं की हे घर आजपासून जालना. सबंध उन्हाळा मी जालन्याला. घरच्या कुणी भेटायला यायचं नाही, बाजाराच्या दिवशी फक्त पीठमीठ पोचवायचं. वाटेत दिसलो तरी ओळख द्यायची नाही, कारण जालन्याला असलेला माणूस राजुरात दिसेलच कसा. मी तिथं उर्दूतच बोलायचं आणि माझी भाकर मी करायची. हे तुमच्यानं निभलं तर पोरगा खऱ्या जालन्याला जाईल. मोडलं तर त्याच दिवशी तो घरी येईल आणि पुन्हा हायस्कुलाचं नाव कुणी काढायचं नाही. मास्तर हे हसत हसत सांगत होते, पण ते शब्दाचे पक्के होते हे गावाला ठाऊक होतं. मी आबांच्या मागं उभा राहून ऐकत होतो. माझ्या शिकण्याचं सगळं आता तुम्हा दोघांवर होतं, आणि तुमचं आधीचं प्रगतिपुस्तक काही चांगलं नव्हतं.

गावाला तर खेळच मिळाला. मी अंघोळीला नदीवर निघालो की न्हावी धोकटी काखेत मारून विचारायचा, "काय म्हणतं जालना? उकाडा लई हाय का तिकडं?" देवळाजवळचा नारळवाला विचारायचा, "राजूरला कधी येणार?" आणि मी राजुरात उभा राहून सांगायचो, "दिवाळीला." तो मान हलवायचा, "दिवाळी लांब हाय बाबा."

मास्तरांच्या बायकोला मी चाची म्हणायचो. आपल्या घरचं त्या काळी कुणी त्यांच्याकडचं पाणीसुद्धा घेत नव्हतं आणि चाचीला ते माहीत होतं. तिनं लिंबाखाली तीन दगडांची चूल मांडून दिली, आपण स्वतः लांब बाजेवर बसली आणि तिथून हुकूम सोडायला लागली. "पानी कम डाल बाबा. भाकर करना है, तालाब नक्को." माझी पहिली भाकर तव्यावर गेली ती तीन तुकडे होऊनच. ती मी चाचीच्या बकरीपुढं टाकली, तर बकरीनं हुंगून तोंड फिरवलं. चाची इतकी हसली की बाज करकरायला लागली. मग मात्र ती उठून जवळ आली, काठवटीला हात न लावता हवेतल्या हवेत भाकर थापून दाखवायला लागली, आणि मी तिच्या हातांकडं बघून तसं करत गेलो. मला भाकर हवेतून शिकवलेली आहे, असं मी पुढं हायस्कुलातल्या पोरांना सांगायचो.

आणि तू. नियम तुला तोंडपाठ होते. पोराला भेटायचं नाही, असा नियम होता, बकरीला भेटायचं नाही असा नव्हता. चारपाच दिवस गेले असतील आणि संध्याकाळी तू बाभळीचा पाला घेऊन मास्तरांच्या अंगणात उभी. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. खुंट्याजवळ बसलीस आणि बकरीशी बोलायला लागलीस. "जेवलीस का ग बये? पोटाला पुरून राह्यलं का? रोज अंघोळ करती का तशीच लोळती?" मी भाकर थापत होतो, तुझ्यापासून चार हातांवर. चाचीनं बाजेवरूनच उत्तर दिलं, "हौ बाई, दो दो भाकरी खाती. जरा जली हुई खाती, लेकिन खाती." आत पुस्तक वाचत बसलेले मास्तर खाकरले. तू चपापलीस आणि उठलीस. मास्तर बाहेर न येता म्हणाले, "बकरीशी बोलायला मनाई न्हाई." त्यानंतर तू रोज यायला लागलीस. उन्हाळ्यात गावातली जनावरं वाळली आणि चाचीची बकरी तेवढी तुकतुकीत झाली.

आबांची चोरी वेगळी. विहीर आपल्या घराच्या उजवीकडं, पण आबा बैलांना पाणी दाखवायला डावीकडून नेत, म्हणजे मास्तरांच्या दारावरून. दारात आले की त्यांना बैलाच्या पायातला काटा दिसायचा. बसून, खूर हातात घेऊन ते तो काढायचे आणि तिरप्या नजरेनं आत बघायचे. काटा कधीच नसायचा. मास्तर म्हणायचे, "पाटील, राजूरहून जालन्याला रोज बैल आणू नका, थकतील."

मग चतुर्थी आली. मास्तर मला म्हणाले, "जालन्याहून लोक गणपतीला राजूरला येतात. तू बी जाऊन ये." देवळाला गर्दी, आसपासच्या खेड्यांतली माणसं, आणि मी पायऱ्या चढतोय तर समोरून तू उतरतेस, हातात ताट. दोघंही थबकलो. चुकवायला जागाच नव्हती. आजूबाजूला गावातलीच चारपाच माणसं होती आणि तीही थांबली. तू पदर सारखा केलास आणि मला विचारलंस,

"कोण्या गावचा रे बाळा तू?"

मी म्हणालो, "जालन्याचा, मावशी."

"जालन्याचा? माझा पोरगा हाय तिथं शिकायला. तुझ्याएवढाच. दिसतो का कधी?"

"दिसतो की. रोज दिसतो."

"वाळला का रे?"

"न्हाई. बराबर हाय."

"त्याला म्हणावं, कानामागं धूत जा. अन् म्हणावं, माय मजेत हाय, दोन टाइम जेवती." ताटातला खोबऱ्याचा मोठा तुकडा आणि गूळ तू माझ्या हातावर ठेवलास. "हे दे त्याला. वाटंत खाऊ नको."

लोक हसायला लागले. तू हसली नाहीस. तशीच पायऱ्या उतरून गेलीस, एकदाही मागं न बघता. त्या दिवशी मला तुझा इतका अभिमान वाटला की मी खोबरं तिथंच, पायरीवर बसून खाल्लं. दोन टाइम जेवते, हे तू भाऊच्या वेळी सांगू शकली नसतीस.

पण मोडत होतो तो मीच. एका सकाळी आपल्या घराकडून वारा आला आणि त्यात कुरडयांच्या चिकाचा वास होता. गव्हाचा गरम चीक, वाटीत घेऊन वर तूप सोडलेला. दरवर्षी पहिली वाटी माझी असायची. मी पीठ तसंच टाकून धावत सुटलो. आपल्या अंगणात बाजेवर धोतर अंथरलेलं, तुझ्या हातात सोऱ्या, भाऊ पातेल्याजवळ. मला बघून भाऊचा हात थांबला. मी म्हणालो, "माय, चीक."

तू माझ्याकडं बघत राहिलीस. वाटी तुझ्या गुडघ्याजवळच होती. ती माझ्या हातात गेली असती तर जालना तिथंच संपलं असतं, हे भाऊला कळत होतं, मला कळत होतं, आणि मला त्या घडीला चालणार होतं. "चीक जालन्याला पोचता करता येत न्हाई बाबा," तू म्हणालीस. "वाळल्यावर कुरडया पाठवीन. जा आता. वाट लांबची हाय, ऊन व्हईल."

मी तीन गल्ल्या रडत गेलो. मला तुझा राग आला होता, मोठ्यानं सांगण्याइतका. पुढं भाऊनं सांगितलं की मी कोपऱ्यावरून वळलो तरी तू सोऱ्या फिरवतच होतीस, आणि त्या दिवशीच्या कुरडयांत एकीसारखी दुसरी नव्हती. काही बोटाएवढ्या, काही ताटाएवढ्या. संध्याकाळी आबा मास्तरांकडं आले, दारात उभे राहून म्हणाले, "मास्तर, निकाल सांगा." मास्तर म्हणाले, "बाई पास. अव्वल नंबरानं पास. तुमचं काही सांगता येत न्हाई." वाळल्यावर त्या वेड्यावाकड्या कुरडया बाजाराच्या दिवशी पिठाबरोबर खरंच आल्या.

शाळा उघडायला आली तेव्हा गाडी जुंपली. तू दारात उभी राहिलीस, डोळे कोरडे. म्हणालीस, "मास्तरांच्या घरी गेल्तास तसाच जा." तेवढंच. गाडी निघाली, आणि बैल आपल्या मनानं डावीकडं वळून मास्तरांच्या दारात जाऊन उभे राहिले. आबा कासरा ओढतात, बैल हलत नाहीत. सगळा उन्हाळा त्यांना तिथंच थांबायला शिकवलेलं. मास्तर बाहेर आले, चाची बाहेर आली, बकरी ओरडली. "ह्या जालन्याला न्हाई रे बाबांनो," मास्तर बैलांना म्हणाले, "त्या जालन्याला." चाचीचं हसता हसता डोळे पुसणं चाललं होतं आणि मी गाडीत उभा राहून हसत होतो. हायस्कुलाला असं हसत गेलेलं पोर आमच्या वर्गात दुसरं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात दोन पोरांचे बाप येऊन त्यांना घेऊन गेले. मला ना उर्दू परकी होती, ना चूल. आणि माझी माय दोन टाइम जेवते, हे मला माहीत होतं.

दिवाळीला घरी आलो तर तू घरात नव्हतीस. भाऊला विचारलं, माय कुठं? तो औताचा दांडा साफ करत होता, मान वर न करता म्हणाला, "जालन्याला गेली." मला वाटलं माझी चुकामूक झाली. मग तो हसला. मी धावत मास्तरांच्या घरी गेलो. लिंबाखाली, माझ्या चुलीच्या जागी तू मांडी घालून बसली होतीस आणि चाचीच्या हातचा चहा बशीतून पीत होतीस. मी बघतच राहिलो. तू बशी लपवली नाहीस. "काय बघतो?" म्हणालीस. "जालन्यात कोण कुणाचं बघतं?" मी गेल्यापासून तू रोज संध्याकाळी तिथं जात होतीस हे मला चाचीनं सांगितलं. बकरी कधीच विकली गेली होती. पुढं माझी नोकरी जालन्यातच झाली, घर झालं, तू येऊन राहिलीस, तरी कुणी विचारलं की तू म्हणायचीस, हे बी बरं हाय, पर माझं जालना न्यारं होतं.

हे सगळं मी मुलाला आणि सुनेला सांगितलं, आणि सून आपल्या मनानंच म्हणाली, मागची खोली औरंगाबाद करू. उन्हाळाभर नातू मागच्या खोलीत राहिला. सून तुझ्यासारखीच निघाली, अव्वल. मुलगा आबांवर गेलाय, त्याला रोज मागच्या खोलीतला दिवा दुरुस्त करायचा असायचा. पण निभावलं दोघांनी, आणि पोरगा हसत गेला. मी मास्तर झालो होतो ना, त्यामुळं माझा अभ्यास कुणी घेतलाच नाही.

हे पत्र टाकायचं कुठं, हा प्रश्नच नाही. नातवाच्या इथल्या उशीखाली ठेवून देईन. मागच्या खोलीतच बसून लिहितोय, हे तुझ्या लक्षात आलं असेल. रोज संध्याकाळी इथं येऊन बसतो. काल सुनेनं विचारलं, "बाबा, केव्हाची हाका मारतेय, कुठं होतात?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "औरंगाबादला." आज तिनं चहा इथंच आणून दिला, बशीत ओतून.