आंसेल्मच्या कोटातल्या पाच फ्रँकच्या नोटा

मी, लेओंतीन शासँ, वय एक्क्याऐंशी, राहणार ला फेज, ओव्हेर्न. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कुणाच्याही दबावाखाली न येता स्वहस्ते लिहून ठेवते की,

राहतं घर माझं नाही. ते माझे दीर फिर्मँ भावजी यांचं. माझा नवरा आंसेल्म गेल्यावर त्यांनी मला राहू दिलं, हे खरं. पण अंड्यांचे पैसे डब्यात खुळखुळले की भावजींचे कान टवकारलेच! "वहिनी, एक पेला होऊन जाऊ दे की!" झालं, डबा रिकामा.

शेळ्या आणि चीजचे साचे शेजारच्या ओदीलला. काळी हट्टी आहे, तिला मारू नये.

आता बचत. दफनभूमीतली आंसेल्मची जागा तीस वर्षांसाठी घेतली होती. त्याच्या शेजारी माझी. येत्या वसंतात मुदत संपते. पैसे भरले नाहीत तर त्याची हाडं उचलून सगळ्यांच्या खड्ड्यात टाकतील. म्हणून मी पाच फ्रँकच्या नोटा साठवल्या. नोट खुळखुळत नाही. बँकेत टोचतात तशाच टाचणीने टोचून त्या आंसेल्मच्या लग्नाच्या कोटाला आतून लावल्या. आणि चारदोन वर्षांत सरकारने ती नोट बंद करून नाणं आणलं. मेली, माझ्या शेळीइतकीसुद्धा जगली नाही! बँक कधीही बदलून देईल, अशी माझी समजूत. शिवाय बाहेर काढल्या तर भावजींना कळलं असतं.

गेल्या महिन्यात नेल्या. खिडकीतला माणूस म्हणाला, "आजी, बदलायची मुदत केव्हाच संपली."

"अहो, यावर तुमच्याच बँकेचं नाव आहे ना?"

"आहे. पण आता हा नुसता कागद."

तिथेच बाकावर बसून रडले. दुसरं काय करणार?

मृतांच्या दिवशी, सगळे कबरींवर फुलं ठेवतात तेव्हा, ओदीलने आमच्यासाठी शेवंतीची कुंडी ठेवावी. कुठे, ते मला सांगता येत नाही.

भावजी, ज्यांच्यापासून लपवलं त्यांच्यापुढेच हात पसरते. मला आंसेल्मजवळ राहू द्या.

साक्षीदार लागत नाहीत, असं नोटरी म्हणतात. मला लागतात. म्हातारी भ्रमिष्ट होती, असं उद्या कुणी म्हणायला नको.

लेओंतीन शासँ
ला फेज, २९ ऑक्टोबर १९८४

साक्षीदार १: ओदील रूव्हे. माझ्यासमोर लिहिलं. काळीला मारणार नाही.

साक्षीदार २: फिर्मँ शासँ. वहिनी, तो कोट मी एकदा एका लग्नाला घालून बघितला होता, तेव्हाच टाचण्या टोचल्या. दादाच्या कोटात नोटा आहेत म्हणजे दादासाठीच असणार, म्हणून हात लावला नाही. तुम्हाला विचारलंही नाही. घर दोन वर्षांपूर्वीच गहाण पडलंय, जागेचे पैसे मी कुठून भरू? तेही सांगायचं राहिलं.