कोपराचं रफू

४ जून

ती. ताईस, धाकट्याचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. ओळी इतक्या तिरक्या गेल्या आहेत की शेवटचे शब्द कागद संपल्यावर टेबलावर लिहिलेस की काय, अशी शंका आली. सूनबाईने भिंग आणून दिलं तेव्हा अर्थ लागला. काचबिंदू आहे, डॉक्टर दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करायला सांगतात, उजव्याचं आधी. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली वाचेल. मग तू थांबलीस कशाला, तर म्हणे गुरुदेवांचा संकेत आलेला नाही.

ताई, मी चौथीत शाळा सोडून शिंप्याच्या दुकानात बसलो, तू मुख्याध्यापिका झालीस. मला तुमच्या थिऑसफीतलं कळत नाही. दूर कुठल्याशा डोंगरात महात्मे राहतात, तुझे गुरुदेव त्यांतलेच एक, आणि तिथून तुमच्या मंडळावर लक्ष ठेवतात, असं तू सांगितलंस, मी मान डोलावली. पण लक्ष ठेवायचंच आहे तर तुझ्या डोळ्यांवर का ठेवत नाहीत?

रागावू नकोस. मला अन्न गोड लागत नाही. येऊन हाताला धरून नेलं असतं, पण तुला आजवर कोणी हाताला धरून कुठे नेलंय? डॉक्टरांकडे जा आणि तसं कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
टाचण्या


११ जून

चि. टाचण्यास, ताईचे भरघोस आशीर्वाद.

तोंडात टाचण्या धरून बोलायचास म्हणून तुझं हे नाव पडलं. धंदा मुलाकडे दिलास तरी टोचून बोलणं काही सुटलं नाही.

आमच्या मंडळाच्या अध्यक्षबाईंना दोष देऊ नकोस. त्यांनी ऑपरेशनला नाही म्हटलेलं नाही. आतून स्पष्ट होईपर्यंत थांबावं, एवढंच त्या म्हणाल्या. शिष्य म्हणून स्वीकारण्याआधी गुरुदेव माणसाला परीक्षेवर ठेवतात. मी कित्येक वर्षं परीक्षेवर आहे. माझ्या मागून आलेल्यांना त्यांनी स्वीकारलं. सभेच्या खोलीत त्यांच्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवतात. ध्यानात सगळ्यांना ती भरल्यासारखी वाटते. मला नुसता खुर्चीचा वेत दिसतो, आणि आता तोही पुसट. जन्मभर मुलींचे पेपर तपासले, नापास होण्याची धास्ती काय असते ते या वयात कळतंय.

त्यांचा एक शब्द आला तर मी उद्या जाईन. न विचारता गेले, तर त्यांच्या लेखी संपले. हे तुला हास्यास्पद वाटेल. मला दुसरं काही उरलेलं नाही रे.

तुझी पत्रं हल्ली पोस्टमास्तर वाचून दाखवतात. मंडळातलेच आहेत. निवृत्त झाले तरी दुसऱ्यांची पत्रं त्यांच्या हातून सुटलेली नाहीत. तेव्हा जपून लिही. सूनबाईला जपा. आठवण असू दे.

तुझी,
ताई


१७ जून

ती. ताईस, साष्टांग नमस्कार. वि. वि.

लिहावं की नाही या घोळात सकाळ गेली. काल दुपारी जेवून आडवा झालो होतो. झोप होती की गुंगी, सांगता येत नाही. पायाशी कोणीतरी उभं होतं. चेहरा नीट दिसला नाही. अंगात राखाडी लांब कोट, जुना पण चांगल्या कापडाचा. डाव्या कोपराला रफू केलेलं, तेही नवशिक्या हाताने. दोरा कापडापेक्षा गडद. मला म्हणाले, तुझ्या बहिणीला सांग, उजवा डोळा डॉक्टरच्या हाती दे, मी तिथे असेन.

तू म्हणशील, या अडाण्याकडे कसे आले. मलाही तेच वाटतं. पण निरोप दाबून ठेवणं बरं नव्हे, म्हणून लिहिलं. आता उशीर करू नकोस. या भावाला विसरू नकोस.

तुझा,
टाचण्या


२ जुलै

चि. टाचण्यास, ताईचे पोटभर आशीर्वाद.

उजव्या डोळ्याचं झालं. जेवढी नजर होती तेवढी वाचली, असं डॉक्टर म्हणाले. हे मीच लिहिते आहे, ओळी बघ, तितक्याच तिरक्या.

तुझं पत्र पोस्टमास्तरांनी सभेत वाचलं. ते कोपराच्या रफूपर्यंत आले आणि अध्यक्षबाईंनी डोळे मिटून घेतले. मंडळातल्या काही जुन्या माणसांना गुरुदेव दिसलेले आहेत. राखाडी कोट, डाव्या कोपराला रफू. हे बाहेर बोलायचं नसतं. मला स्वतःला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, मग तुला कुठून कळणार? थोडा हेवा वाटला, लपवत नाही. मग वाटलं, माझ्या भावाच्या पायाशी उभे राहिले म्हणजे माझ्याच घरी आले.

डॉक्टर आता डाव्याची घाई करताहेत. पण निरोपात उजवाच होता. डाव्याचं ते तुला सांगतील. सांगितलं की लगेच कळव. मी तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसले आहे, एक का होईना. जिव्हाळा आहे तो तसाच ठेव.

तुझी,
ताई


२० जुलै

ती. ताईस, साष्टांग नमस्कार. वि. वि.

हे पत्र पोस्टमास्तरांना देऊ नकोस, तूच वाच.

माझ्याकडे कोणी आलं नव्हतं. ते सगळं मी रचलं. चेहरा कसा लिहावा ते सुचेना म्हणून कपडे लिहिले. मला तेवढंच येतं. डॉक्टर उजव्याचं आधी म्हणाले होते म्हणून उजवा लिहिला, डावा डोक्यातच आला नाही. या गाढवपणाबद्दल स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. डाव्याचा निरोप येणार नाही, कारण उजव्याचाही आला नव्हता.

फक्त ते कोपर कुठून आलं, हे मला सांगता येत नाही. हातून गेलेली सगळी गिऱ्हाइकं आठवून पाहिली. तसा कोट माझ्याकडे कधी आला नाही. परवा भर दुपारी दुकानात गेलो होतो. मापं घेतो तिथल्या मोठ्या आरशात कपाटाच्या बाजूला राखाडी काहीतरी लटकलेलं दिसलं. कोणाचा कोट म्हणून मुलाला विचारलं. तो म्हणाला, बाबा, तिथे खुंटीच नाही. म्हातारा झालोय, दुसरं काही नाही.

तू डॉक्टरकडे जा. माझ्या सांगण्यावर जा. मग मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण तोडू नकोस.

तुझा,
टाचण्या


२७ जुलै

चि. टाचण्यास, ताईचे आशीर्वाद, होते तेवढेच, कमी नाहीत.

पत्र मीच वाचलं, भिंग धरून, दोनदा. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मग अध्यक्षबाईंना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या की ज्याच्याकडे ते येतात तो माणूस आधी नाकारतोच. जो नाकारत नाही त्याच्यावरच त्यांचा विश्वास बसत नाही. आरशातलं ऐकून तर त्यांनी हात जोडले. तूच खोटं म्हणतोस आणि तुलाच दिसतं, आता मी काय समजावं?

डाव्या बाजूने हल्ली दारं अंगावर येतात. काल पेला टेबलाऐवजी हवेत ठेवला. डॉक्टरांनी दहा तारीख धरली आहे, त्यानंतर वाचवायला काही राहणार नाही म्हणाले. मी वाट बघते आहे.

तुझ्या सांगण्यावर जा, असं तू लिहिलंस. बाळा, तुझ्या मायेवर मी कधी शंका घेतली नाही. पण तुझ्या सांगण्यावर जायचं असतं तर तुझ्या पहिल्याच पत्रावर गेले असते.

तुझी,
ताई


१ ऑगस्ट

ती. ताईस, साष्टांग नमस्कार. वि. वि.

मागचं पत्र फाडून टाक. तुमच्या अध्यक्षबाई बरोबर बोलल्या, मी नाकारत होतो. हे पत्र पोस्टमास्तरांना दे आणि सभेत मोठ्याने वाचायला सांग.

ते आज आले. दुपारचीच वेळ, मी जागा होतो, खिडकीशी बसलो होतो. तोच कोट. म्हणाले, बहिणीला सांग, दहा तारखेला डावा डोळा डॉक्टरच्या हाती दे. तू परीक्षेत पास झालीस, असंही म्हणाले. तुला त्यांनी कधीच स्वीकारलं आहे, संकेत ओळखायला तुम्हा सगळ्यांना उशीर झाला.

तेव्हा दहाला जा. जाताना कोणालातरी बरोबर घे, डाव्या बाजूने चालायला.

एक मागणं आहे, ते माझं, त्यांचं नाही. यापुढे माझ्यामार्फत त्यांना काही विचारू नकोस, मंडळातल्या कोणालाही विचारू देऊ नकोस. त्यांना बोलवायचं कसं ते मला कळलं, निरोप कसा द्यायचा ते कळत नाही. निरोप सांगून झाला तरी ते समोर बसून आहेत. मी लिहितो आहे ते वाचताहेत. चेहरा आता दिसतो, पण त्याबद्दल विचारू नकोस.

ऑपरेशन झालं की त्याच दिवशी दोन ओळी टाक. तुझं उत्तर आल्याशिवाय ते उठायचे नाहीत.

तुझ्या पायाशी,
टाचण्या