यादीत नसलेलं नाव

विल्नो, ३ नोव्हेंबर १९४६

प्रिय ब्रोन्याताई,

तुला, भाऊजींना आणि मी अजून न पाहिलेल्या भाच्याला नमस्कार. आम्ही दोघं ठीक आहोत, आईचा खोकला कमी आहे. हे पत्र टपालात टाकत नाही. वरच्या रुत्कोव्स्काबाई शनिवारच्या गाडीने पोलंडला निघाल्या आहेत, त्यांच्या हाती देतो.

त्या गेल्या की इमारतीत पोलिश घर आपलं एकच. लेविन शिंप्याच्या कुटुंबाला जर्मनांनी नेलं, ते तुझ्यासमोरच. तिथे आता खेड्यातून आलेली लिथुआनियन बाई राहते. आईला बटाटे आणून देते. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी जिन्यात तासभर बोलत बसतात.

नगरपालिकेतली माझी नोकरी टिकली आहे. शहर सोव्हिएत लिथुआनियात गेल्यापासून अध्यक्ष नवे, पाट्या नव्या, कागद लिथुआनियन नाहीतर रशियन. निघालेल्यांची घरं नव्यांना नेमून देण्याचं रजिस्टर माझ्याकडे असतं. त्याआधी मी पोलंडला जाणाऱ्यांच्या नोंदणीच्या टेबलावर होतो, हे तुला कळवलं होतं.

परवा, सर्व संतांच्या सणाला, आई दफनभूमीत गेली होती. दरवर्षी आपल्या बाबांपुरती एक मेणबत्ती लागायची, यंदा एकोणीस नेल्या. जाणारा प्रत्येक जण तिला आपली थडगी सोपवून जातो. रुत्कोव्स्काबाई म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्यावर दोन लावा हो, त्यांना अंधाराची फार भीती!"

आई हसून म्हणाली, "यंदा लावते. पुढच्या वर्षी मी तरी कुठे असणार इथे? माझा मुलगाच नोंदणीच्या टेबलावर होता, माझं नाव पहिलं असेल."

ताई, तिचं नाव यादीत नाही.

नोकरीसाठी मी स्वतःला लिथुआनियन म्हणून नोंदवलं, म्हणून मला जाता येत नाही. आईला ते ठाऊक आहे. "पोटासाठी केलंस," एवढंच म्हणाली, "मला मात्र ब्रोन्याकडे धाड." तिचा अर्ज मी नीट भरला, तीनदा तपासला आणि खणात ठेवला. उद्या देऊ, असं अकरा आठवडे म्हणत राहिलो. संध्याकाळी कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरायचं, हे माझ्याने होईना. मग नोंदणी बंद झाली. उशिरा अर्ज घ्याल का, असं साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "तू लिथुआनियन ना? मग तुझी आई पोलिश कशी?" मी अर्ज परत खणात ठेवला.

तिची पिसांची रजई जुलैपासून दोरीने बांधलेली आहे. थंडी पडली तरी सोडू देत नाही, कोट पांघरून झोपते.

आत्ता ती शेजारी बसली आहे. डोळे अधू झालेत, वाचता येत नाही. विचारते, "काय रे, एवढं काय लिहितोस?"

मी म्हटलं, "तू पुढच्या गाडीने निघतेस, ते कळवतोय."

"मग लिही, स्टेशनवर बाळाला घेऊन ये म्हणावं."

लिहिलं.

तुम्हा दोघींचा अपराधी,
झिगमुंट