डावी टाच

सेक्टर ३०, चंडीगढ
१४ ऑक्टोबर १९७२

प्रिय स्मिता,

हे पत्र आधी तू एकटीने वाच. नणंद म्हणून नको, शाळेत एका बाकावर बसणारी मैत्रीण म्हणून वाच. माझ्या शेजारच्या शालिनीताई दिवाळीसाठी परवा साताऱ्याला निघताहेत, आणि त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. फराळाला तुमच्याकडे येतील आणि आईंना सांगतील की कांचनचे हात मोकळे आहेत. ते खरं आहे गं. पण त्या समजतात तसं काही घडलेलं नाही. तुझ्या दादाची काहीच बातमी नाही. युद्धकैद्यांत त्याचं नाव नाही, गेलेल्यांतही नाही. बेपत्ता म्हणून तार आली त्या दिवशी होतो तिथेच आपण आहोत.

मला काम मिळालंय. हसू नकोस, पण इथे एका पंजाबी सिनेमाचा आवाज भरताहेत आणि त्यातली पावलं माझी आहेत. शूटिंगच्या वेळी धड आवाज मिळत नाही म्हणे. म्हणून पडद्यावर मुका सिनेमा चालतो आणि आपण माईकसमोर उभं राहून नटांच्या जोडीने चालायचं, पदर झटकायचा, कडी लावायची. लढाईच्या आधी आम्ही ऑफिसरांच्या बायकांनी नाटक बसवलं होतं, तेव्हा मी पडद्यामागे सुपात तांदूळ हलवून पाऊस पाडला होता. तो पाऊस ऐकायला नरेंद्रजी होते. आता या सिनेमाचं ध्वनिमुद्रण तेच करताहेत, म्हणून त्यांनी निरोप पाठवला. खोली गोदामासारखी, आणि पंखा बंद, कारण तोही ऐकू येतो.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. पडद्यावर नवी नवरी दाराकडे धावत जाते. मी अगदी तिच्या पावलाला पाऊल लावून धावले आणि मनात म्हटलं, जिंकलं! नरेंद्रजींनी टेप पुन्हा लावली, डोळे मिटून ऐकली आणि फार अदबीने म्हणाले, "भाभीजी, पाँव बिल्कुल ठीक हैं। पर यह दुल्हन पंजाब की नहीं है।" खोलीतले सगळे माझ्या पायांकडे बघायला लागले. फरशीवर माझी जोडवी टिकटिक करत होती आणि हातात हिरव्या बांगड्या किणकिणत होत्या. इथल्या नवरीच्या हातात चूडा असतो, त्याचा आवाज लाकडावर लाकूड आपटावं तसा येतो. तेव्हा बांगड्या काढा, जोडवी काढा, मंगळसूत्र रुमालात गुंडाळून कमरेला खोचा.

मला काही वाटलं नसेल असं समजू नकोस. साबण लावून बांगड्या उतरवताना मी नळ मोठा सोडला होता, बाहेर रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. संध्याकाळी भरायच्या, सकाळी उतरवायच्या, असं करता करता निम्म्या वाढल्या. इथे हिरवी काच मिळायची मारामार. शेवटी काम संपेपर्यंत हात तसेच ठेवले. जोडवी आणि मंगळसूत्र मात्र बाहेर पडताना रोज घालते.

आणि नेमक्या बसस्टॉपवर शालिनीताई भेटल्या. माझं मनगट हातात घेऊन बघत राहिल्या. काही कळलं का, असं अगदी हळू विचारलं. नाही म्हटलं, कामासाठी काढल्यात म्हटलं, तरी त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. असा संताप आला म्हणून सांगू! मी काय हार मानून बसलेय? आई साताऱ्याला ये म्हणाल्या, तरी मी या परक्या गावात खोली का धरून राहिले? सुटून आला तर त्याला हाच पत्ता ठाऊक आहे. एवढं आईंना नीट सांग. शालिनीताई पोचण्याआधी सांग.

आता खरं कारण. ती नवरी धावते, कारण तिचा फौजी नवरा रजेवर आलाय आणि दाराबाहेर त्याचे बूट वाजतात. ती पावलं भरायची राहिलीत. नरेंद्रजींनी नवे बूट आणले होते, ते नुसते करकरतात. ते म्हणाले, कुणा जवानाचे जुने मागून आणतो. मी म्हटलं, थांबा. स्मिता, दादाचे जुने बूट इथेच ट्रंकेत आहेत आणि किल्ली आईंच्या कमरेला आहे. तार आल्यावर त्या इथे आल्या, कुलूप लावून गेल्या, तो आला की किल्ली माझ्याच हातून घेईल, असं म्हणाल्या. काम कुणाच्याही बुटांनी भागेल, हे मला कळतं. पण मला त्याचेच हवेत. जिना चढताना तो डावी टाच जोरात टेकायचा आणि दाराशी आल्यावर मुद्दाम उगाच थांबायचा. अलीकडे ते मला नीट आठवेनासं झालंय, आणि त्याची मला फार भीती वाटते. त्या बुटांत कापूस कोंबून एकदा चालून बघायचंय. आईंकडे किल्ली माग. टेप घेऊन मी स्वतः साताऱ्याला येईन. टाच बरोबर पडली की नाही, हे आईंशिवाय मला कोण सांगणार?

तुझ्या उत्तराकडे कान लावून बसलेली,
तुझीच
कांचन