तांबडी खुडूक बसली तेव्हा

अल्फारेटा, जॉर्जिया
ता. ११ मे १९८६

चि. पद्मजाला आईचे आशीर्वाद. इकडे सगळे मजेत. तुझं पत्र नाही, म्हणजे साताऱ्यातही मजेतच असणार असं मी धरून चालते.

माझा अंड्यांचा धंदा जोरात आहे. हसू नकोस! दादानं गावाबाहेर घर घेतलं ते माझ्या पथ्यावर पडलं. मागे खुराडं, पुढे रस्त्याकडेला टेबल, त्यावर अंडी नि बरणी. लोक अंडी घेतात, बरणीत पैसे टाकतात नि जातात. राखायला कुणी नाही. आपल्याकडे बरणीसुद्धा गेली असती. शनिवारी अटलांटाहून आपली मराठी माणसं येतात. उल्हास डॉक्टर हार्टचे. "आजी, अंडी वाईट, कोलेस्टेरॉल वाढतं," म्हणतात नि डझनभर उचलतात. मी म्हटलं, "अहो, मग ही कुणाला?" तर म्हणे, "पेशंटला नाही, मला!"

हं, सांगायचं ते राहिलंच. आमची तांबडी खुडूक बसली. पिसं फुलवून नुसती गुरगुर. मी घरचीच अंडी तिच्याखाली ठेवली, गावी ठेवायचो तशी. वाट बघितली, बघितली, एक फुटेल तर शपथ. शेवटी शेजारची ओपलबाई आली. तिला मराठी येत नाही, मला इंग्रजी नाही, पण आमच्या गप्पा तासभर चालतात. ती म्हणाली, "वेअर इज रूस्टर?" नि मला कळेना म्हणून कुकूचकू आरवून दाखवलं.

अगं, आमच्याकडे कोंबडाच नाही! गावी कुणाचा ना कुणाचा आळीभर हिंडायचाच, त्याचा विचार कोण करतंय. तुझी विनीतावहिनी एवढी हसली की तिथंच मातीत बसली. किती दिवसांनी हसली.

मग ओपलबाईनं दुकानातून पिवळी पिल्लं आणली नि दिवेलागणीला तांबडीच्या पोटाखाली सरकवली. सकाळी बघते तर बाईसाहेब सगळ्यांना पंखाखाली घेऊन ऐटीत! मी हात पुढे केला तर असं टोचलं, अजून ठणकतंय.

तू म्हणशील, आई कोंबड्यांवरून कुठं निघाली. बरोबर ओळखलंस.

दादा-विनीता पुण्याच्या संस्थेतून बाळाला आणायला आले, तेव्हा तू भेटायला गेली नाहीस. नंतर फोनवर मला म्हणालीस, "कुणाचं रक्त कोण जाणे." इथं घरात दोन फोन असतात पद्मे. विनीता दुसऱ्यावर होती. तिनं तो हळूच खाली ठेवला नि बाळाच्या बाटल्या धुवायला गेली. मीही तुला आपली अंड्यांचंच लिहीत राहिले.

पोर आता बसते. मी अंडी गोळा करते तेव्हा कडेवर असते. परवा एक फोडलं नि माझ्याकडे बघून हसली. तू तुपाचा डबा सांडून हसायचीस ना, तशी. रागावणार कशी?

कागदावर काहीतरी नाव घातलंय, पण बारसं राहिलंय. इथल्या महाराष्ट्र मंडळातली वसुधा म्हणाली, "मी होते की आत्या." विनीतानंच नको म्हटलं. मला म्हणाली, "आई, तिला आत्या आहे."

आता तूच सांग.

तू यायला नकोस, एवढं तिकीट कुठून आणायचं. जूनच्या पहिल्या रविवारी, तुमच्या संध्याकाळी, दादा फोन लावेल. तेवढा उचल. मी रिसीव्हर पोरीच्या कानाला धरीन. कुर्रर्र कर नि नाव सांग. मला आधी कळवू नकोस, तिनंच पहिल्यांदा ऐकू दे. तुझ्या पाठीवरचे बुक्के जावईबापूंना मारायला सांग, माझ्या वाटचे दोन जास्त.

तोवर आम्ही तिला पिल्लूच म्हणतो.

पिल्लूची आजी,
म्हणजे तुझी आई