हजेरी माझी, वर्ष गौरीचं

३ एप्रिल
पाठ सकाळपासून ठणकतेय. पट्टा बांधूनही सातवीला दोन तास उभं राहणं झेपत नाही. आडवी पडून लिहितेय, अक्षर म्हणजे नुसता गिचमिड काला.

गौरीनं बेंगळुरूच्या कॉलेजचा फॉर्म परत उघडला. मागच्या वर्षी ह्याच कॉलेजात सीट मिळाली होती पोरीला. माझं मणक्याचं ऑपरेशन निघालं आणि ती गेली नाही. सीट वर्षभर राखून ठेवा म्हणून मेल केला, तर म्हणे राखत नाही, पुढच्या वर्षी नव्यानं अर्ज करा. आता परीक्षा, इंटरव्ह्यू, सगळं पहिल्यापासून. त्यात एक नवा रकाना: बारावीनंतर खंड असल्यास त्या काळात काय केलं?
"आई, हे उद्या भरू ना. आज डोकं नाही चालत."
बरं म्हटलं. माझं तरी कुठे चालतंय.

६ एप्रिल
शाहपूरहून वन्सं आल्या. केळ्यांची फणी आणि सोबत सल्ले. "सुनंदा, गॅप पडला की मोठी कॉलेजं घेत नाहीत बरं का. आमच्या शेजारच्या पोराचं तसंच झालं." शेजारचा पोरगा दोनदा नापास झालाय, मला माहीत आहे. चहा टाकला.

त्या गेल्यावर गौरीनं कॉलेजात फोन लावला. तिथली बाई म्हणाली, गॅपचे मार्क कापत नाही, पण वर्षात काय केलं ते बघतो. कोणी नोकरी केलेली असते, कोणी कुठे शिकवलेलं असतं.
फोन ठेवून गौरी माझ्याकडे बघून हसली. मला हसू आलं नाही.

८ एप्रिल
लिहूनच टाकते एकदाचं. जुलैपासून दिवाळीपर्यंत माझे सहावी-सातवीचे गणिताचे तास गौरीनं घेतले. मी इथे पलंगावर. खासगी शाळा, एवढी लांब रजा टाकली तर माझ्या जागी दुसरी येणार हे पक्कं. बडी मॅडम, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, त्यांनीच तोड काढली. "बेटी होशियार है, उसे भेज दो. मस्टर पर साइन आप कर देना." दर शनिवारी मस्टर घरी यायचं, मी पडल्या पडल्या सह्या करायची. शाळेच्या कागदांवर मी रोज हजर. गौरी कुठेच नाही.

१५ एप्रिल
गौरीला घेऊन कचेरीत जाऊन आले. गॅपचं शपथपत्र लागतं. टायपिस्टकडे मजकूर तयारच असतो, नाव घातलं की झालं. 'उक्त अवधि में शपथकर्ता अपने घर पर रही एवं कोई कार्य नहीं किया.'
म्हटलं, भैया, वो आखरीवाला निकल सकता है क्या?
"क्यों मॅडम, कुछ किया था? किया था तो सर्टिफिकेट लगाओ."
गौरीनं पेन घेतलं आणि सही ठोकली. बाहेर येऊन म्हणते, "चल, मावा जलेबी खाऊ."
माझीही जलेबी तिच्याच पुढ्यात सरकवली. चार महिने पोर पहाटे उठून माझी वेणी-फणी करायची, डबा भरायची, साडी नेसून शाळेत जायची. साडी एवढ्यासाठी की ड्रेसमध्ये सातवीची पोरं तिला जुमानायची नाहीत. कोई कार्य नहीं किया! मेलं ते वाक्य.

१७ एप्रिल
बडी मॅडमकडे गेले. गौरीला अनुभवाचं पत्र द्या म्हटलं.
"सुनंदाजी, आप भी कमाल करती हैं. फिर उन महीनों में आप कहाँ थीं? किसीने पूछा तो आप भी जाएँगी, मैं भी."
बरोबरच आहे बाईंचं. माझ्या अडचणीत त्यांनीच हात दिला होता. त्यांच्यावर चिडताही येत नाही, हाच तर वैताग.

हे पेपर मिलमधून उशिरा आले, गाडी चांदनी स्टेशनात तासभर उभी होती. ह्यांना सांगितलं. "परीक्षा नीट जाऊ दे, बाकी देव बघेल." देवाला बरी कामं लावून देतात हे.

११ मे
कॉलेजच्या परीक्षेचा निकाल. मार्क गेल्या वर्षीपेक्षा कमी, पण इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं.
"वर्षभरात विसरतंच ना गं माणूस," गौरी एवढंच म्हणाली. दोष म्हणून कधी देत नाही. दिला असता तर भांडून मोकळी तरी झाले असते.

२ जून
इंटरव्ह्यू घरूनच, कॉम्प्युटरवर. मला खोलीबाहेर काढलं. मी दाराला कान लावून उभी.
पहिला प्रश्न त्या वर्षाचाच. आईचं ऑपरेशन होतं, गौरी म्हणाली. ते कळलं, पण तुम्ही स्वतः काय केलंत?
"घरचं बघितलं. थोडं वाचलं."
अगं, सांग ना! सहावीला अपूर्णांक कळेनात म्हणून घरून परातीएवढ्या पोळीचा मांडा नेलास, वर्गात तोडून तोडून वाटलास, ते सांग ना!
बाहेर आली.
"कसा झाला गं?"
"झाला."

१३ जून
वेटिंग, चौथा नंबर. हे म्हणतात, गाडीचं होतं तसं हेही कन्फर्म होईल. गौरी जैनाबादला मैत्रिणीकडे निघून गेली. यादीखाली लिहिलंय, अर्जात काही भर घालायची असल्यास आठ दिवसांत कळवा.

१६ जून
शाळा उघडली. मागची सातवी आता आठवीत. व्हरांड्यात गाठून विचारतात, "मॅडम, गौरी मॅडम कब आएँगी?" कंटाळा आलाय ह्या लपवाछपवीचा.

१९ जून
कॉलेजला मेल केला. माझ्या नावानं, शाळेचं नाव घालून. मुलीनं चार महिने माझा वर्ग शिकवला, मस्टरवरच्या सह्या माझ्या आणि खोट्या, शपथपत्रातलं वाक्य माझ्यामुळे लिहावं लागलं.

मग बडी मॅडमना जाऊन सांगितलं. दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. त्या पाणी प्यायल्या. "एक बार पूछ तो लेतीं." कमिटीशी बोलून सांगते म्हणाल्या.

ह्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, शपथपत्र खोटं म्हटल्यावर पोरीलाच काढून टाकतील की!"
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

२० जून
गौरी आज मैत्रिणीकडून परतली, जेवताना तिला सांगितलं. वाटलं होतं, गळ्यात पडेल. ताट सरकवून उभी राहिली.
"तुझं करायला बाबा होते, मावशी येणार होती. मी तेवढ्यासाठी नव्हते थांबले. तुझी नोकरी जाऊ नये म्हणून थांबले ना मी? आता तीच घालवून आलीस, तर माझं वर्ष कशात गेलं, आई?"
वर्षभर मी समजत होते, पोर माझ्या सेवेला राहिली. विचारलंच नाही कधी.

शाळेकडून, कॉलेजकडून अजून काही नाही. गौरी दार लावून बसलीय. माझा फोनही आतच राहिलाय, मघाशी एकदा वाजला. दार वाजवायचा धीर होत नाहीये.