जावयाचा जिताडा आणि कोमट पाणी

इल्फर्ड,
शनिवार, २४ जानेवारी

श्री. परीक्षित भावोजींच्या सेवेशी,

मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच मानून घ्यावा. आज दुपारपासून माझी पाठ वाकत नाही, कारण पुढे येईलच.) तुमची शुगर, ताईचा गुडघा आणि विहानच्या मॉक परीक्षा सगळं ठीक असेल अशी आशा करतो. तुम्ही सप्टेंबरात फॅमिली ग्रुप सोडल्यापासून तुमची खबर ताईकडूनच मिळते, आणि ताई 'बरे आहेत' यापलीकडे काही सांगत नाही. म्हणून चक्क पत्र लिहितोय, फर्स्ट क्लासचं तिकीट लावून. आमच्याकडे सगळे बरे आहेत, फक्त थकलेत. विशेषतः मी.

सप्टेंबरचा विषय मला काढायचा नव्हता, पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तुम्ही आम्हाला ईलिंगला जेवायला बोलावलंत, प्रेमाने सी बास तळलात आणि बाबांच्या ताटात तुकडी वाढताना म्हणालात, "घ्या बाबा, इथला जिताडा!" हेतू चांगलाच होता. पण ज्याने अलिबागला जन्मभर खाडीचा जिताडा खाल्ला, त्याच्यापुढे तुम्ही प्लॅस्टिकच्या ट्रेमधला बिनडोक्याचा, बिनकाट्याचा चौकोन ठेवलात. बाबा म्हणाले, "हा जिताडा असेल तर मी कलेक्टर." इथे तुम्ही हसायला हवं होतं. तुम्ही फोन काढलात आणि जिताड्याच्या इंग्रजी नावातही सी बास आहे हे सिद्ध केलंत. बाबा अर्ध्या ताटावरून उठले. (मलाही उठावं लागलं. मी नुकताच दुसऱ्यांदा भात घेतला होता.) त्याला चार महिने झाले. तुम्ही म्हणता, येऊ नका असं कोणी म्हटलंय? ते म्हणतात, या असं कोणी म्हटलंय? नऊ फेब्रुवारीला त्यांचं परतीचं विमान आहे. वयाची चौऱ्याहत्तरी, परत येणं होईल न होईल, आणि लेकीच्या घरी पुन्हा पाऊल न टाकताच ते जाणार, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नाताळात त्यांनी अचानक जाहीर केलं, की जावयाकडे जायचं तर आपल्या हाताने धरलेला जिताडा घेऊनच. आमच्याकडची ती रीत तुम्हाला ठाऊक आहेच. इथला बास म्हणजे जिताडा नव्हे, पण निदान डोकं असलेला असावा, इथपर्यंत त्यांनी तडजोड केली. गळाच्या दुकानातल्या माणसाने सांगितलं, की थंडीत बास बहुतेक खोल समुद्रात निघून जातो, राहिलाच तर जिथे पाणी कोमट असेल तिथे. यंदा थंडी तशी सौम्य आहे, शोधा म्हणाला. दुकानात बसून सांगायला त्याचं काय जातंय!

तेव्हापासून दर शनिवारी मी आणि बाबा इंग्लंडात कोमट पाणी शोधतोय. यातली गंमत अशी (हिला गंमत म्हणायला मला तीन आठवडे लागले), की नेमका शनिवारी सकाळी घरातला बॉयलर बंद पडतो. इंजिनियर दोनदा येऊन गेला. तो आला की बॉयलर उत्तम चालतो. तो चहा पिऊन, नो फॉल्ट असं लिहून जातो, आणि शनिवार उजाडला की पुन्हा बर्फ. किटलीत पाणी तापवून माणशी एक तांब्या. आसावरी माझ्याशी बोलत नाही. तनू आंघोळीसाठी स्विमिंगच्या क्लासला लवकर पळते. बाबा मात्र माकडटोपी घालून, ताईची आठवण काढत शांतपणे म्हणतात, "निवेदिताकडे असेल की गरम पाणी." मग आम्ही समुद्राचं तापमान बघायला निघतो.

ते बघायला तनूच्या लहानपणचं टबात सोडायचं पिवळं बदक आहे, पोटात थर्मामीटर असलेलं. ते दोरीला बांधून मी पाण्यात फेकतो. (लोक बघतात. मी लोकांकडे बघत नाही.) पहिल्या शनिवारी केंटमधल्या एका वीजकेंद्राशी गेलो. तिथून गरम पाणी समुद्रात सोडतात असं ऐकलं होतं. सोडायचे, केंद्र कैक वर्षांपूर्वी बंद झालंय. दुसऱ्या शनिवारी एक जागा सापडली, पाणीही छान कोमट, पण ते सांडपाण्याचं निघालं. मी म्हटलं, बाबा, मासा मिळाल्याशी कारण. ते म्हणाले, जावयाला इथला नको. भावोजी, हे वाक्य कृपया नोंदवून घ्यावं.

आज एसेक्समधल्या एका खाडीवर गेलो. बाबांनी बदक बाजूला ठेवायला लावलं. ओहोटीला काळा चिखल उघडा पडला होता आणि त्यावर छान ऊन होतं. भरतीचं पाणी याच चिखलावरून चढेल आणि तापेल, म्हणाले, आणि बूट काढून चिखलात पाय घातला. भरती चढल्यावर मी बदक सोडलंच. महिनाभर (सांडपाणी सोडून) ते आठच्या वर गेलं नव्हतं, तिथे अकरा झालं! दोन तास मी गुडघाभर चिखलात उभा होतो. आणि लागला हो, लागला! तो चांदीसारखा उसळला आणि बाबा ओरडले, "जिताडा!" (मी स्वतः ऐकलं. दोनदा.)

इथे बेचाळीस सेंटिमीटरपेक्षा लहान बास ठेवता येत नाही. हा एकेचाळीस भरला. शेजारचे गोरे आजोबा मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले. पण बाबांनी तीस वर्षं मोजणी खात्यात काढली, कोणाला बोटभर जमीन जास्त दिली नाही. त्यांनी तीनदा मोजला, आणि सोडला.

ताईला नमस्कार, विहानला आशीर्वाद.

आपला,
प्रणव

ता. क. : पुढच्या रविवारी आम्ही चौघं तुमच्याकडे आंघोळीला आलो तर चालेल का? बाबांना विचारलं. आंघोळीला जाणं म्हणजे काही पाहुणे म्हणून जाणं नव्हे, त्याला मासा लागत नाही, असं त्यांचं मत पडलं. टॉवेल आमचे आणू.

ता. क. २ : आंघोळीनंतर जेवायची वेळ झालीच, तर काहीही वाढा. मासा वाढलात तर त्याचं नाव मात्र घेऊ नका. बाबांना घेऊ द्या.

ता. क. ३ : रविवार सकाळ. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं ते बरंच झालं. पहाटे पाणी प्यायला उठलो, तर बाबा स्वयंपाकघरात स्टुलावर चढून बॉयलरचा स्विच बंद करत होते. एरवी शनिवारीच करत असणार. काल मासा हुकला, म्हणून आज रविवारीही. मी पावलांचा आवाज न करता परत येऊन झोपलो. आसावरीलाही सांगितलेलं नाही, तुम्हीही ताईला सांगू नका. पाणी तेवढं भरपूर तापवून ठेवा. बाबांना कडकडीत लागतं.